पाप कशाला म्हणायचं, आणि परत यायचं ते कसं?

मानवतहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. कामं आवरली असतील तर निवांत बसा, नसतील आवरली तर हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज बोलायचं आहे एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे पाप. आपल्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो. ताटात अन्न टाकलं की पाप. म्हाताऱ्या माणसाला उलट बोललं की पाप. इथवर ठीक आहे. पण याच शब्दाचा दगड होतो आणि तो नेमका बाईच्या अंगावर येतो. नवरा ऐन उमेदीत गेला, तर तिचं पाप. मूल झालं नाही, तर मागच्या जन्माचं पाप. लेकरू अधू जन्मलं, तर आईनं काहीतरी पाप केलं असेल. कर्जापायी घरधन्यानं जीव दिला, तरी चार माणसं हळूच म्हणतात, हिचाच पायगुण. आणि जो काट्यावर कापूस मोजताना किलो-दोन किलो दाबतो, त्याला मात्र कोणी पापी म्हणत नाही. त्याला हुशार म्हणतात.

तेव्हा आम्हाला वाटलं, हा शब्द जरा उलगडून बघावा. आमच्या गटात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. प्रत्येकीच्या घरी पापाबद्दल काही ना काही सांगितलेलं आहे. आज आपण बायबलमधल्या जुन्या भागातले शब्द बघणार आहोत. हा भाग मुळात हिब्रू भाषेत लिहिला गेला. मराठी बायबलात तिला इब्री म्हणतात. कोणी म्हणेल, मानवतच्या बायांना हिब्रूचं काय काम? तर त्याचं उत्तर एका मराठी बाईनं शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू.

त्या बाईचं नाव पंडिता रमाबाई. जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला. रमाबाईंना आईनं शिकवलं. पुढे दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. भाऊ आणि रमाबाई पायी हिंडत हिंडत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा वारला. कडेला लहान मुलगी. म्हणजे दुष्काळ, पोरकेपण आणि विधवापण, तिन्ही तिनं अंगावर घेतलेलं होतं.

१८८७ साली त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक छापलं. आपल्याकडच्या वरच्या जातीतल्या बायांची दशा त्यात मांडली. विधवापण म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा, असं समाज कसा मानतो आणि त्या मानण्यानं कोवळ्या पोरींचे कसे हाल होतात, हे त्यांनी त्यात लिहिलं. म्हणजे पाप हा शब्द बाईवर कसा फेकला जातो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यावरून खूप वाद झाले, ते आज काढायचे नाहीत. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, आणि पुढे पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरी त्यांनी तिथं आणल्या. त्यांना लिहायला, शिवायला, विणायला आणि छापखाना चालवायला शिकवलं. आणि मग उतारवयात त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? तर सगळं बायबल मूळ भाषेतून मराठीत आणण्यासाठी. आधीची भाषांतरं होती, पण त्यांची भाषा जड होती. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावं, असं मराठी त्यांना हवं होतं. आयुष्याची शेवटची पंधरा-एक वर्षं हे काम चाललं. छपाईला बायांचेच हात होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. पुस्तक १९२४ साली पूर्ण छापून निघालं.

आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई ज्या ओढीनं जात्यावर बसून देवाशी आपल्या बोलीत बोलली, तीच ही ओढ. देवाधर्माचं बाईला तिच्या भाषेत कळलं पाहिजे. म्हणून आज आपणही त्या हिब्रू शब्दांकडे जाऊ.

मराठीत आपण एक पाप शब्द वापरतो, तिथं हिब्रूत तीन मोठे शब्द येतात. ऐकायला ते आपल्या शब्दांसारखे वाटतील, पण अर्थ वेगळे आहेत. ते शब्द म्हणजे खेत, आवोन आणि पेशा.

पहिला शब्द खेत. शेताला हिंदीत म्हणतात तो खेत हा नव्हे. या शब्दाच्या मुळाचा अर्थ आहे नेम चुकणं. बायबलात शास्ते नावाचं एक पुस्तक आहे. त्यात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांची नोंद आहे. ते इतके तरबेज होते, की केसावर धोंडा मारायचा म्हटला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथं ‘नेम चुकत नसे’ यासाठी जो शब्द आहे, तो या मुळाचाच आहे. गोफण आपल्याला नवी नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची. धोंडा पाखरांकडे न जाता शेजारच्याच्या अंगणात पडला, तर काय झालं? धोंडा सुटला होता, जोर लावला होता, पण जिथं जायला हवा होता तिथं गेला नाही. आणि दुसऱ्याला लागला.

याच शब्दाची सख्खी बहीण आपल्या मराठवाड्यात अजून बोलली जाते. आमच्या गटातल्या मुसलमान मैत्रिणींच्या घरी म्हणतात, ‘खता माफ करो.’ ही खता अरबीतून आली. अरबी आणि हिब्रू या एकाच कुळातल्या भाषा. खता आणि खेत एकाच मुळाचे. म्हणजे हा परका वाटणारा शब्द निजामाच्या काळापासून आपल्या गल्लीत फिरतोय.

दुसरा शब्द आवोन. याचा अर्थ वाकडं होणं, पिळवटणं. पेरणीला औत धरणारा गडी काय सांगतो? पहिलं तास सरळ काढा. पहिलं वाकडं गेलं की त्याच्या अंगानं दुसरं वाकडं, तिसरं वाकडं. मग कोळपणीला अडचण, फवारणीला अडचण. पेरणीच्या दिवशीचा वाकडेपणा वेचणीपर्यंत पुरतो. आवोन हा शब्द तसाच आहे. केलेल्या वाईट कामालाही तो आहे, त्यामुळे मनावर आलेल्या ओझ्यालाही आहे, आणि त्यातून पुढे भोगावं लागतं त्यालाही तोच आहे. काइनानं आपला भाऊ हाबेल याला मारलं, आणि मग म्हणाला की हे मला सोसवत नाही. तिथं हाच शब्द आहे. त्याला त्याचं कृत्य सोसवत नव्हतं, की शिक्षा? त्या शब्दात दोन्ही येतात.

तिसरा शब्द पेशा. आपण धंद्याला पेशा म्हणतो, तो हा नाही. हिब्रू पेशा म्हणजे विश्वास मोडणं, केलेला करार तोडून उलटणं. राजेरजवाड्यांच्या गोष्टीत हा शब्द बंडासाठी येतो. अहाब राजा मेल्यावर मवाबचा राजा इस्राएलाविरुद्ध उलटला, तिथं हा शब्द आहे. म्हणजे इथं चुकून काही झालेलं नाही. माहीत होतं, शब्द दिला होता, आणि तरी मोडला.

एक गोष्ट ध्यानात ठेवू. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा सगळा अर्थ नव्हे. बायबलात खेत हा शब्द किरकोळ चुकीलाही येतो आणि खुनालाही येतो. नेम चुकला एवढंच म्हणून कोणाला सुटता येणार नाही. पण या तीन शब्दांतून एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसते. तिन्हींमध्ये कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. धोंडा मारलेला आहे, तास वाकडं काढलेलं आहे, शब्द मोडलेला आहे. बाई विधवा झाली, यात तिनं काय मारलं? मूल झालं नाही, यात कोणता करार मोडला? दुःख येणं हे काही करणं नव्हे. ते वाट्याला येतं.

बायबलात ईयोब नावाच्या माणसाचं एक आख्खं पुस्तक याच गोष्टीवर आहे. ईयोब भला माणूस. त्याची गुरंढोरं गेली, पोरंबाळं गेली, अंगभर फोड आले. तिघं मित्र भेटायला आले. सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, ते चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि म्हणायला लागले, तू काहीतरी पाप केलंच असशील, त्याशिवाय असं होत नाही. ईयोब म्हणत राहिला, मी असं काही केलेलं नाही. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. मैत्रिणींनो, दुःखाच्या घरी भेटायला जाताना ही गोष्ट आठवायची. त्या मित्रांसारखं सात दिवस गप्प बसता आलं तर बसावं. आठव्या दिवशी त्यांच्यासारखं बोलू नये.

आता दुसरी गोष्ट. हीसुद्धा बायांनी ऐकण्यासारखी आहे. दावीद राजानं बथशेबा नावाच्या दुसऱ्याच्या बायकोला माणसं पाठवून आणवलं. तिला दिवस गेले. ते लपवायला तिचा नवरा उरीया याला त्यानं लढाईत पुढं घालून मारवलं. आता राजाला बोलणार कोण? नाथान नावाचा संदेष्टा गेला. त्यानं राजाला एक गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे शेरडं-मेंढरं, गुरं भरपूर. गरिबाकडे एकच कोकरू. त्याच्या ताटात जेवायचं, त्याच्या कुशीत निजायचं, पोटच्या लेकीसारखं. श्रीमंताकडे पाहुणा आला. त्यानं आपल्या कळपाला हात लावला नाही, गरिबाचं कोकरू नेलं आणि कापलं. दावीद संतापला. म्हणाला, त्या माणसानं चौपट भरून दिलं पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

या गोष्टीत नाथानानं दोष कोणाला दिला, ते बघा. बथशेबेला एका शब्दानं बोलला नाही. गोष्टीत कोकराला कोणी विचारलं नाही, की तू त्याच्या दारात गेलीसच का. ज्याच्या हातात सत्ता होती त्याला विचारलं. आपल्याकडे कोणा पोरीवर जबरदस्ती झाली की पहिला प्रश्न पोरीला येतो. कुठं गेली होतीस, काय घातलं होतंस. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाची म्हणून सांगितलेली ही गोष्ट, त्यातला हा न्याय आपल्या पंचांना अजून उमगायचा आहे.

दावीदानं कबूल केलं. माफीही मिळाली. पण उरीया परत आला नाही, आणि दावीदाच्या घरातला कलह पुढं त्याच्या पोरांपर्यंत गेला. वाकडं तास पुढं चालत राहिलं.

आता पापातून परत येण्याकडे वळू. आपण म्हणतो पश्चात्ताप. शब्द फोडून बघा. पश्चात म्हणजे मागून, ताप म्हणजे जळणं. काम होऊन गेल्यावर मनात जळणं. शब्द चांगला आहे, कारण ज्याला काहीच जळत नाही त्याच्याशी बोलणंच खुंटतं. पण जळणं छातीत होतं. घरात बसूनही होतं. हिब्रूत यासाठी शब्द आहे तेशुवा. तो ‘शूव’ या धातूपासून आला, आणि त्याचा अर्थ आहे वळणं, परत येणं. ही पायांनी करायची गोष्ट आहे. बाजाराला निघालो, वाट चुकली, तर रस्त्यात उभं राहून कितीही हळहळलं तरी बाजार येत नाही. मागं फिरून फाट्यापर्यंत यावं लागतं.

आमच्या मुसलमान मैत्रिणी म्हणतील, अहो मग ही तर तौबा. खरंच आहे. अरबी तौबा या शब्दाचाही अर्थ परत फिरणं असाच आहे.

हा शूव शब्द बायबलात हजाराहून जास्त वेळा आला आहे आणि बऱ्याच वेळा अगदी साध्या घरगुती अर्थानं. रूथ नावाचं छोटं पुस्तक आहे, चारच अध्यायांचं. बायांची गोष्ट आहे ती. बेथलेहेमची नामी दुष्काळ पडला म्हणून नवरा आणि दोन मुलांबरोबर मवाब देशात गेली, जशी आपली माणसं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा मेला. मुलांची लग्नं झाली, मग दोन्ही मुलंही मेली. राहिल्या तीन विधवा, सासू आणि दोन सुना. गावाकडे पाऊसपाणी झालं असं कळलं, तेव्हा नामी परत निघाली. या पहिल्या अध्यायात ‘परत’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सुनांनो तुम्ही माहेरी परत जा. एक सून, अर्पा, परत गेली. दुसरी, रूथ, म्हणाली की मी तुमच्याबरोबरच येणार. गावात पोचल्यावर बाया गोळा झाल्या. नामी म्हणाली, मला आता मारा म्हणा. मारा म्हणजे कडू.

नामीनं पाप केलं म्हणून ती परत आली का? नाही. ती घरी आली. ज्या शब्दानं नामी घरी आली, त्याच शब्दानं चुकलेला माणूस देवाकडे येतो. त्यात हाकलून देणं नाही, दारात नाक घासणं नाही. आपल्या गावी परत येणं आहे. आणि गावानं काय केलं? जव कापणीला आले होते. रूथ शेतात सरवा वेचायला गेली. त्या लोकांत नियमच होता, की कापणी करताना शेताच्या कडा आणि पडलेली कणसं गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायची. परत येणाऱ्याला पोटाला मिळेल, अशी सोय गावानं आधीच करून ठेवलेली होती. परत ये म्हणायचं आणि सरवाही वेचू द्यायचा नाही, असं चालत नाही.

पण परत यायचं म्हणजे नुसतं ‘चुकलं’ म्हणून मोकळं व्हायचं का? इथं हा धर्मग्रंथ फार व्यवहारी होतो. लेवीय नावाच्या पुस्तकात नियम आहे. कोणी दुसऱ्याचं लुबाडलं, ठेव बुडवली, सापडलेली वस्तू दडवली, खोटी शपथ घेतली, तर त्यानं ती वस्तू पूर्ण परत करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. हिशेब घाला. पाच हजार दाबले असतील तर पाच हजार आणि वर एक हजार, मिळून सहा हजार. आणि हे कोणाला? ज्याचे होते त्याला. देवाला अर्पण वेगळं. आपल्याकडे पंच दंड घेतात आणि पंचच खातात, किंवा त्या पैशांचं जेवण होतं. जिचं नुकसान झालं तिच्या हातात दमडी येत नाही. वर तिलाच शुद्ध करून घ्या म्हणतात. अशा जात पंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला आहे, हेही ध्यानात असू द्या.

हे शास्त्र पाळणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलत, पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. रायगडच्या गावांमधून ते तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना लोक शनवार तेली म्हणत. वर्षातून एक दिवस ते कडक उपास करत, दारं लावून घेत. त्याला ते मराठीत दारफाळणीचा सण म्हणत. हिब्रूत तोच योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा, एकमेकांच्या घरी जायचं. एक दिवस दार लावून देवापुढे, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून माणसांकडे. १९४८ नंतर यातले बरेच लोक इस्राएलला गेले, पण मराठी तिथंही घेऊन गेले.

या ज्यू लोकांच्या मिश्ना नावाच्या जुन्या नियमग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे. देवाचं काही चुकलं असेल तर उपासाच्या दिवशी त्याची क्षमा मिळते. माणसाचं चुकलं असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय उपासानं काही होत नाही. सासूनं सुनेला छळायचं आणि एकादशी करायची, हे जमणार नाही. वाट सुनेच्या चुलीपाशी जाऊन मग देवळात जाते.

आणि बाराव्या शतकात त्यांच्यात मैमोनिडीस नावाचा मोठा विद्वान झाला. पेशानं वैद्य. तो म्हणाला, परत फिरणं पुरं झालं हे कधी समजायचं? तर तीच संधी पुन्हा आली, अंगात तीच ताकद होती, आणि तरी त्यानं ते केलं नाही, तेव्हा.

मैत्रिणींनो, ही कसोटी नीट गाठीला बांधा. रात्री पिऊन मारायचं आणि सकाळी पाया पडून माफी मागायची, असं ज्या घरात वर्षानुवर्षं चालतं, तिथं बाईला सांगतात, माफ कर, पश्चात्ताप झालाय त्याला. त्याला ताप झाला असेल. वळणं झालेलं नाही. वळला असता तर दुसऱ्या पगाराला बाटली आली नसती. अशा वेळी बाईनं माफ करायलाच पाहिजे, असं या शब्दांत कुठं नाही. तिनं आधी जीव वाचवावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्यासाठी आहे, १८१ या नंबरावर फोन लागतो. आणि गटानं तिच्या पाठीशी उभं राहावं.

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे. मानवतची बाई पापाबद्दल बोलेल आणि ती टाळेल, हे बरं नाही. आपल्या गावाचं नाव निघालं की जुनी माणसं अजून १९७२ ते १९७४ या काळातल्या खुनांची आठवण काढतात. लहान मुली मारल्या गेल्या, बाया मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, यासाठी नरबळी दिले, असा खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणाचं नाव आज घ्यायचं नाही. पण ज्या मुली गेल्या त्या आज साठीच्या घरातल्या आज्या असत्या, एवढं मनात आणा.

दुसऱ्याच्या रक्तानं आपलं अडलेलं सुटतं, ही समजूत फार जुनी आहे. बायबलातला मीखा नावाचा संदेष्टा हाच प्रश्न घेतो. माणूस देवापुढं काय घेऊन येऊ म्हणून विचारतो. वर्षाची वासरं आणू? हजारो मेंढे आणू? तेलाच्या नद्या आणू? आणि मग शेवटी विचारतो, माझ्या पापासाठी माझं पहिलं लेकरू देऊ? पेशा आणि खेत हे दोन्ही शब्द तिथं आहेत. उत्तर काय मिळतं? यातलं काही नको. न्यायानं वागायचं, दयेची आवड धरायची आणि देवाबरोबर नम्रपणे चालायचं. पुन्हा चालणंच आलं. पाप ज्याचं, पावलं त्याची. दुसऱ्याचं लेकरू त्यासाठी चालू शकत नाही. आपल्या राज्यात २०१३ पासून नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पण कुठं कोणी भगत एखाद्या बाईला करणीवाली ठरवू लागला, तर कायद्याच्या आधी शेजारच्या बायांना कळतं. तेव्हा गप्प बसायचं नाही.

शेवटी क्षमेबद्दल थोडं. बायबलातल्या बत्तिसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीला हे तिन्ही शब्द एका दमात येतात आणि प्रत्येकाला वेगळी क्षमा आहे. पेशा उचलला जातो, जशी डोक्यावरची मोळी कोणी उतरवून घ्यावी. खेतावर पांघरूण पडतं, जसं उघड्यावर निजलेल्या लेकरावर घालावं. आणि आवोन हिशेबात धरला जात नाही, वहीत त्याची बाकी राहत नाही. याच स्तोत्रात पुढं सांगितलं आहे, की गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, उन्हाळ्यात ओल आटावी तसं झालं. बोललो तेव्हा सुटलो. म्हणजे ओझं उतरवायला तोंड उघडावं लागतं. आणि तोंड उघडायला समोर ऐकून घेणारं कोणी लागतं.

हे आपल्या गटात कसं लावायचं, ते बोलून थांबतो. समजा, एकीचा हप्ता थकला. गारपिटीत कापूस गेला म्हणून थकला असेल, तर ते पापच नाही, ते दुःख आहे. तिला मुदत द्यायची. पैसे होते, पण लग्नकार्यात उडाले, तर नेम चुकला. तिला नेम धरायला मदत करायची, हप्ता लहान करून द्यायचा. वही लिहिणारीनंच जाणून खोटा आकडा लिहिला असेल, तर विश्वास मोडला. तिथं नुसतं ‘जाऊ द्या’ म्हणून पांघरूण घालायचं नाही. तिनं सगळ्यांसमोर बोललं पाहिजे, पैसे भरून दिले पाहिजेत आणि वही काही दिवस दुसरीकडे गेली पाहिजे. पण ते सगळं केल्यावर तिला मिटिंगला बसायची जागा ठेवायची. सतरंजीवर, आपल्याच रांगेत. परत ये म्हटलं तर परत यायला जागा पाहिजे.

आणि कोणा विधवेला, कोणा वांझ म्हणून हिणवलेल्या बाईला कोणी पापी म्हणालं, तर एवढंच विचारा, तिनं केलं काय ते सांगा. सांगता आलं नाही, तर तो शब्द परत घ्यायला लावा.

पुढच्या मिटिंगला यावर तुमच्यात बोला. तुमच्या घरी, तुमच्या धर्मात परत येण्याला कोणता शब्द आहे, तो आम्हाला कळवा. मानवतच्या आम्हा सगळ्या बायांचा तुम्हाला नमस्कार.